आमच्या गल्लीतला डॅनिश राजा

विस्बी, ८ जुलै

माझ्या तूवाबाळा,

तुझं पत्र आलं तेव्हा मी दारातल्या गुलाबाला पाणी घालत होते आणि एक जर्मन जोडपं त्याच गुलाबाचा फोटो काढत होतं. मी म्हटलं थांबा, बाजूला होते. तर ती बाई हातानेच म्हणाली, नको नको, तुम्हीही हव्यात! म्हणजे आता मी कुठल्यातरी जर्मन दिवाणखान्यात झारीसकट लटकणार. तोंडात दात बसवलेले नव्हते गं, हेच वाईट वाटलं.

तर तुझा तो येपे. मालमोतला तुझ्या ओळखीचा, जुन्या चर्चांची दुरुस्ती करणारा गवंडी, त्याला आपलं विस्बी बघायचंय आणि मी त्याला वरची खोली द्यावी. देते की! खोली कुणासाठी ठेवलीय? तू लिहितेस की तो तिकडच्या दक्षिणेतल्या स्कोने प्रांताचा आहे, त्याची बोली जड आहे, समजली नाही तर राग मानू नकोस. अगं, मला आपल्या पाद्रीबुवांचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे स्कोनेवाल्याचं काय घेऊन बसलीस? फोनवर तर सगळे मधमाश्यांसारखेच बोलतात. म्हणून तर तुला ही पत्रं लिहायचा ताप. ताप कसला, मला आवडतं. शाळा मी अर्धीमुर्धीच शिकले, एक दिवस फळ्यापुढे आणि एक दिवस मेंढ्यांमागे, पण अक्षरं मेंढ्यांपेक्षा बरी, एका जागी उभी राहतात.

आता नको असलेली गोष्ट. तुझ्या आईने स्टॉकहोमहून कळवलंय की घराला गिऱ्हाईक आहे. डॉक्टर नवराबायको, माणसं चांगली आहेत म्हणे. उन्हाळ्यात तेवढी येतील. मी तुझ्या आईकडे फ्लॅटमध्ये जायचं, लिफ्टने वरखाली करायचं. ऑगस्ट संपायच्या आत उत्तर द्यायचंय. तिचंही चुकत नाही, माझे गुडघे तिला माझ्याहून जास्त दुखतात. पण मागच्या हिवाळ्यात आपल्या गल्लीत दिवेलागणीला मोजक्या खिडक्या उजळायच्या. माझी, समोरच्या सिग्नेची आणि कोपऱ्यावर हॉल्गेर खाटकाची. बाकीची घरं रंगवलेली, गुलाब बांधलेले, आणि आत काळोख. ही राजधानीवाल्यांची घरं बाई, जूनमध्ये जागी होतात. माझीही खिडकी तशीच विझायची, या विचाराने काल मला सिग्नेची कॉफीसुद्धा चांगली लागली नाही. आणि सिग्नेची कॉफी कधी वाईट नसते, तिच्या तोंडावर मात्र मी तसं म्हणत नाही.

असो. पाहुणा येतोय, मला बिस्किटं भाजायची आहेत.

तुझी आजी हिल्मा


मालमो, १२ जुलै

प्रिय आजी,

डॉक्टरांना काहीही उत्तर देऊ नकोस. मी येईपर्यंत तरी नाहीच. मला हॉस्पिटलात ऑगस्टच्या शेवटी रजा मिळते, तेवढं थांब. आईला मी बघून घेते.

येपे चोवीस तारखेच्या बोटीने येईल. उंच आहे, दारात डोकं आपटेल, आधीच सांग त्याला. त्याला काय काय दाखवलंस ते सविस्तर लिही. तो नीट जेवतो का, तुला मदत करतो का, तुला कसा वाटला. म्हणजे पाहुणा म्हणून.

आणि आजी, एक विनंती. आजोबांच्या त्या डॅनिश लोकांवरच्या गोष्टी नको काढूस. वाल्देमार राजा, लढाई, लूट, सगळंच. त्याला इतिहासाचा फार कंटाळा आहे.

तुझी तूवा


विस्बी, २८ जुलै

तूवाबाळा,

इतिहासाचा कंटाळा म्हणतेस? कोणाला? या माणसाला? अगं, तो बोटीतून उतरला आणि सामान हातात असतानाच गावाभोवतीच्या जुन्या तटाला हात लावून उभा राहिला. मी दुरून बघतेय, ओळखीची खूण म्हणून माझा लाल रुमाल हलवतेय, तर हा दगडाशी बोलतोय. जवळ जाऊन म्हटलं, "तट सातशे वर्षं इथेच आहे, कॉफी मात्र निवते." तर हसला. हसतो छान. दारात डोकं आपटलंच. मी सांगणार होते, पण सांगायच्या आतच आपटलं.

कॉफीला मी आपल्या रिवाजाचे पाव-बिस्किटांचे सातही प्रकार मांडले होते. आजकालच्या पोरांना काय कळतंय, एखादा येतो नि सरळ मलईच्या केकवर हात टाकतो. हा नाही. आधी साधा पाव, मग गोड पाव, मग बिस्किटं ओळीने, केक सगळ्यात शेवटी, आणि ताटलीतला शेवटचा तुकडा तसाच ठेवला. मी मनात म्हटलं, कुणीतरी शिकवून पाठवलेलं दिसतंय. फक्त पावाला लोणी त्याने असं लावलं, असं लावलं, की चावल्यावर लोण्यात दातांचे ठसे उमटले. मी लोण्याची वाटी जरा त्याच्या बाजूला सरकवली.

दुसऱ्या दिवशी फिरवायला नेलं. कॅथेड्रलच्या मागच्या पायऱ्या चढून टेकडीवर गेलो. तिथून सगळी लाल छपरं आणि पुढे समुद्र दिसतो, लोक आ वासतात. हा म्हणतो, "या छपराची चौथी रांग परत बसवायला हवी." बोटॅनिकल गार्डनमधल्या वेलींनी झाकलेल्या पडक्या चर्चपाशी एक नवरी फोटो काढून घेत होती, तिचा पदर, म्हणजे ती मागची लांबलचक झालर, याच्या बुटाखाली. नवरी ओढतेय, हा भिंतीची भेग बघतोय. मी याला कोपराने ढोसलं. "अरे, नवरी बघ, भिंत कुठे पळत नाही!" बिचारा इतका लाजला की नवऱ्याचीच माफी मागितली.

मग बागेतून समुद्राकडे जाणारं ते प्रेमाचं दार. जोडपी तिथे उभी राहतात, तुला माहीतच आहे. हा त्या कमानीखाली उभा राहिला आणि समुद्राकडे बघून म्हणाला, "इथून मालमो कुठल्या बाजूला?" मी म्हटलं दक्षिणेला. तर टोपी नीट करून दक्षिणेकडे बघत बसला. मालमोत दगड फार चांगले असतील बहुतेक.

तुझी विनंती माझ्या लक्षात होती. पण तरुणीच्या बुरुजापाशी नेल्यावर गोष्ट सांगायची नाही म्हणजे काय? तो बुरूज दुसऱ्या कशासाठी बघायचा? सांगितली. की डॅनिश राजा वाल्देमार व्यापाऱ्याचं सोंग घेऊन एका सोनाराच्या घरी राहिला. सोनाराच्या मुलीला त्याने नादी लावलं, म्हणाला तुला राणी करतो, वेशीच्या किल्ल्या दे. तिने दिल्या. त्याने गाव लुटलं, बोटी भरल्या आणि गेला. मुलीला गावकऱ्यांनी या बुरुजात जिवंत चिणलं.

येपे म्हणाला, "तिला काढायला कुणीच आलं नाही?"

"कोण येणार? राजा घरी पोचला, सोनं मोजत बसला."

"मी आलो असतो," तो म्हणाला. "हा चुना काही इतका पक्का नाही." आणि नखाने खरवडून दाखवला.

सांग आता, अशा माणसावर मी काय बोलावं?

काल सत्तावीस जुलै होती. साडेसहाशे वर्षांपूर्वी वाल्देमारने आपल्या लोकांना तटाबाहेर कापलं तो दिवस. तुझे आजोबा दर वर्षी दगडी क्रुसापाशी फुलं ठेवून यायचे आणि मग आठवडाभर डॅनिश चीज घरात येऊ द्यायचे नाहीत, जसं काही त्या चीजनेच तलवार चालवली. ते गेल्यापासून मी जाते. माझ्याने खाली वाकवत नाही, म्हणून फुलं येपेच्या हातात दिली. त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं ऊन लागलं. फुलं ठेवली, टोपी काढली आणि तसाच उभा. मी म्हटलं, "चल बाबा, डोकं तापेल." तर म्हणाला, "थोडं थांबतो आजी."

आजी म्हणाला बरं का मला. हिल्मा नाही म्हणाला. कुणी सांगितलं होतं त्याला?

तुझी आजी


मालमो, ३१ जुलै

प्रिय आजी,

तुझं पत्र मी रात्रपाळीच्या आधी बसमध्ये वाचलं आणि माझा थांबा चुकला. पुन्हा वाचलं, पुन्हा पुढचा चुकला.

तू त्याला क्रुसापाशी नेलंस! तो काय म्हणाला नंतर? तुला काही सांगितलं का त्याने? मीच त्याला म्हटलं होतं की काही... जाऊ दे. मला तुला एक सांगायचंय, पण पत्रात नाही. रजेवर आले की तुझ्यासमोर बसून सांगेन.

त्याला केशराचा पॅनकेक खिलव, आपल्या काळ्या बोरांच्या जॅमसकट. आणि तो आणखी थोडे दिवस राहिला तर चालेल का? त्याला राहावंसं वाटतंय असं कळलं.

तूवा


विस्बी, ४ ऑगस्ट

तूवाबाळा,

घाईत लिहितेय, बोटांना पिठाचा गोळा चिकटलाय. मध्ययुगीन सप्ताह सुरू झालाय, गावात जिकडे बघावं तिकडे चिलखतं आणि झगे. बँकेतला माणूस भिक्षू झालाय आणि दंतवैद्य बाई चेटकीण. तिला ते शोभतंय.

शनिवारी आपल्या गल्लीचं वाल्देमारचं नाटक आहे. नेहमीचंच. राजा घोड्यावरून येतो, गल्लीच्या तोंडाशी तीन रिकामी पिंपं ठेवतो, संध्याकाळपर्यंत सोन्याचांदीने भरा नाहीतर गाव जाळतो म्हणतो, आणि आम्ही रडत रडत पत्र्याचे चमचे, पितळी मुठी, जुनी झाकणं आणून टाकतो. हॉल्गेर खाटिक नेहमी राजा होतो. पण त्याची पाठ धरली! डुक्कर उचलताना नाही, वर्तमानपत्र उचलताना. काल सगळी गल्ली माझ्या स्वयंपाकघरात जमली होती, कॉफीच्या दोन किटल्या संपल्या आणि राजा काही मिळेना.

तेवढ्यात येपे लाकडं घेऊन आत आला. डोकं आपटलं. सिग्ने त्याच्याकडे बघत राहिली. "काय उंच आहे! आणि बोली ऐका गं याची. स्कोनेची आहे, पण डोळे मिटले तर अगदी डॅनिश!"

हॉल्गेर खुर्चीत आडवा झालेला, तो तिथूनच ओरडला, "माझा मुकुट द्या त्याला!"

येपे पांढरा पडला. "मी पिंपं उचलतो, घोडा धरतो, रस्ता झाडतो. हे मात्र नको."

सिग्ने म्हणाली, "घाबरतोस काय? आम्ही फक्त शिव्या घालतो. हॉल्गेरला मी बारा वर्षं घालतेय, त्याचं वजन वाढलंच."

तो माझ्याकडे बघायला लागला, बुडणारा माणूस काठाकडे बघतो तसा. मी काय केलं असेल? मी म्हटलं, "माझं लोणी खातोस ना? मग राजा हो मुकाट्याने."

झगा त्याला आखूड होतो, मी खाली आणि बाह्यांना पडद्याचं कापड जोडतेय.

आजी


मालमो, ६ ऑगस्ट, तातडीने

आजी,

ते थांबव. मी पत्रात लिहिणार नव्हते, पण आता लिहावंच लागेल.

येपे स्कोनेचा नाही. तो डॅनिश आहे, हेल्सिंगोरचा, सामुद्रधुनीच्या पलीकडचा. तो नुसता ओळखीचाही नाही. आम्हाला लग्न करायचंय. त्याला तुझ्याशी पहिल्याच दिवशी खरं बोलायचं होतं, मीच शपथ घातली की आधी तिला तू आवडू दे, मग सांगू. मला आजोबा आठवत होते. ते चीज आठवत होतं. तू दरवर्षी त्या क्रुसापाशी जातेस ते आठवत होतं.

आणि अजून एक. तटाच्या दुरुस्तीच्या कामावर त्याला घेतायत. आम्हाला मालमो सोडून विस्बीत राहायचंय, तुझ्याजवळ, तुझ्या घरात, तू म्हणालीस तर. म्हणून मी म्हटलं, डॉक्टरांना उत्तर देऊ नकोस. पण तू नाही म्हणालीस तर मी तुझ्या मनाविरुद्ध त्याला त्या दारातून आत आणणार नाही. मग काय करेन ते मला माहीत नाही.

आणि आता तू त्याला सगळ्या गावासमोर वाल्देमार करते आहेस. आजी, तो घोड्यावर बसून शिव्या खाईल आणि त्याला वाटेल की त्या खऱ्याच आहेत.

रागावलीस का? लगेच लिही.

तूवा


विस्बी, ९ ऑगस्ट

माझ्या वेड्या तूवाबाळा,

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी ते गुलाबापाशी उभी राहून वाचलं, दोनदा, आणि एप्रनच्या खिशात टाकलं. वर येपे पडद्याचा झगा घालून जिन्यात अडकला होता. त्याला मी काही बोलले नाही. शिवणीचा एक टाका मात्र जास्त घट्ट ओढला, तुम्हा दोघांची शिक्षा म्हणून.

अगं, तो डॅनिश आहे हे मला पहिल्याच कॉफीला कळलं होतं! स्कोनेचा माणूस लोणी लावतो. डॅनिश माणूस लोणी रचतो. दात उमटतील इतकं लोणी या जगात एकाच देशाची माणसं खातात, आणि माझं तारुण्य इथल्या बंदरावर गेलंय, डॅनिश खलाशांना पाव मी कमी वाढलेत का? बोली ऐकू नाही आली तरी लोणी दिसतं.

आणि तुझं त्याच्यावर मन आहे, किंवा त्याचं तुझ्यावर, ते तिसऱ्या दिवशी कळलं. वरच्या खोलीच्या चौकटीवर तुझ्या उंचीच्या खुणा आहेत ना, दर वाढदिवसाला आजोबांनी चाकूने कोरलेल्या? मी चादरी घेऊन वर गेले तर हा त्या खुणांवरून एकेक करून बोट फिरवत होता, तटाला लावतो ना तसा हात. मी हळूच परत खाली आले. चादरी दुपारी नेल्या.

मग बोलले का नाही? बाई गं, तुम्ही दोघं एवढ्या मेहनतीने लपवताय, त्यात मी कशाला बिघाड करू? आणि खरं सांगू, मला बघायचं होतं, तो किती दिवस टिकतो. क्रुसापाशी फुलं देताना मी मुद्दामच दिली. आपल्या गुडघ्यांवर ढकललं, पण वाकता मला येतं. तो तिथे टोपी काढून उभा राहिला तेव्हा मी ठरवून टाकलं. आजोबा असते तर पहिल्या दिवशी दार आपटून निघून गेले असते. आणि संध्याकाळी त्यालाच हाताला धरून मागच्या भिंतीची भेग दाखवायला नेलं असतं.

आता नाटक.

घोडा म्हणजे हॉल्गेरच्या भावाचा आपल्या बेटावरचा बुटका गोटलंडी घोडा, प्रिकेन, कुत्र्याहून थोडा मोठा. येपे त्यावर बसला आणि पाय जमिनीला टेकले. राजा अर्धा चालत आणि अर्धा घोड्यावरून गल्लीत आला. लोक हसून हसून बेजार. मग हू-हू सुरू झालं. सिग्ने तर खिडकीत उभी राहून, "दरोडेखोर! लोणीचोर!" अशी ओरडत होती. लोणीचोर कुठून काढलं? मी तिला काही सांगितलं होतं की काय, आठवत नाही. सांगितलं असेल.

बिचाऱ्याने आपलं वाक्य म्हटलं, "पिंपं भरा, नाहीतर गाव जाळीन," पण असं म्हटलं जसं काही कुणाकडे मीठ उसनं मागतोय. लोकांनी चमचे आणले, झाकणं आणली, हॉल्गेरने खुर्चीतूनच आपला जुना सुरा फेकला, तो पिंपात पडला ते नशीब. दोन पिंपं भरली. तिसरं रिकामं. नाटकात त्या वेळी राजाने म्हणायचं असतं, "अजून आणा!" तो म्हणेचना. मुकुट नाकावर घसरलेला, आणि तो माझ्याकडे बघतोय.

तेव्हा मी पुढे गेले. एप्रनमधून आपल्या घराची ती मोठी लोखंडी किल्ली काढली, आजोबांच्या वडिलांची, माझ्या बोटाएवढी लांब. सगळ्यांना वाटलं हे नाटकात आहे, फक्त आधी कधी बघितलं नव्हतं.

मी किल्ली पिंपात टाकली नाही. राजाच्या हातात दिली. आणि मोठ्याने म्हटलं, बहिऱ्या माणसाला हळू बोलता येत नाही, "मागच्या खेपेला तुम्ही लोकांनी किल्ली फसवून नेलीत. ही मी माझ्या हाताने देतेय. फसवणूक तूवाने पुरेशी केलीय. अट एकच. हिवाळ्यात खिडकीत दिवा लागला पाहिजे."

त्याच्या तोंडून जे निघालं ते सगळं डॅनिशमध्ये निघालं. स्कोने-बिस्कोने सगळं विसरला. मला एकही शब्द कळला नाही, पण तुझं नाव त्यात तीन-चारदा होतं आणि शेवटी त्याने झग्याच्या बाहीने डोळे पुसले, पडद्याच्या बाजूने.

सिग्ने खिडकीतून ओरडली, "अगं बाई, हा तर खरोखरचाच आहे!"

आणि मग जे हू-हू झालं, तूवा, तसं हॉल्गेरला बारा वर्षांत कधी मिळालं नव्हतं. लोक हू-हू करत होते आणि त्याला मिठ्या मारत होते. प्रिकेन घाबरून त्याच्या खालून निघून गेला. राजा उभाच राहिला, पाय जमिनीवरच होते ना.

रात्री आम्ही सगळे माझ्याकडे जेवलो. धुरी दिलेली मासळी, बटाटे, आणि केशराचा पॅनकेक. येपे जिन्याच्या पायरीवर किल्ली हातात घेऊन बसला होता, पाव संपला तरी किल्ली खाली ठेवली नाही. मी म्हटलं, "ठेव की आता, कुणी नेत नाही." म्हणाला, "आजी, त्या सोनाराच्या मुलीला सांगायला हवं होतं कुणीतरी, की सगळे तसे नसतात." मी म्हटलं, "तिला सांगून काय उपयोग? तिने दगडाला हात लावणारा निवडायला हवा होता, सोन्याला लावणारा निवडला." यावर तो इतका लाजला की उठला, आणि दारात डोकं आपटलं. चौकट उंच करणार म्हणतो. तुझ्या खुणा मात्र तशाच ठेवणार, तसं मी बजावलंय.

डॉक्टरांना आज सकाळी मीच चिठ्ठी टाकली. लिहिलं, आभारी आहे, घर राजाने घेतलं. तुझ्या आईला समजावणं तुझ्याकडे. तिला सांग, गुडघ्यांसाठी आता उंच माणूस आणलाय घरात.

लग्न कुठल्या पडक्या चर्चमध्ये करायचं ते दोघं मिळून ठरवा, पण छप्पर नसलेलंच घ्या, त्याचं डोकं वाचेल.

आणि रजेवर येताना मालमोहून काही आणू नकोस. फक्त बोटीवर चढायच्या आधी लोणी घे. भरपूर घे. घरातलं सगळं संपलंय.

तुझी आजी हिल्मा